औषधाचा शोध, औषधाची शुद्धता आणि औषधाची किंमत

घरात माणूस अंथरुणाला खिळला की पहिला प्रश्न निघतो तो 'याला कोणते औषध लागू पडेल' हा. आणि त्याच्या पाठोपाठ, बहुधा दबक्या आवाजात, दुसरा प्रश्न निघतो तो 'ते आपल्याला झेपेल काय' हा. पहिला प्रश्न शास्त्राचा आणि दुसरा संसाराचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. वस्तुतः या दोन्ही प्रश्नांचा इतिहास एकच आहे, आणि त्या इतिहासाचा पुष्कळसा भाग आपल्या महाराष्ट्रात, मुंबई-पुण्याच्या परिसरात घडलेला आहे. तो समजून घ्यावा एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, की औषधांचे व्यापारीही नव्हे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात व कामगारांची प्रकरणे चालवण्यात आमची उमर गेली. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा मुळीच दावा नाही. परंतु औषधाची गोळी शेवटी ज्याच्या घशाखाली उतरायची असते, आणि पुष्कळदा ज्याच्या हातून ती पाकिटात भरली जाते, त्या माणसाच्या बाजूने या विषयाकडे पाहिले तर काय दिसते, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते.

कोणत्याही औषधाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते खरोखरच गुण देते, हे कशावरून? बाटलीवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे, हे कशावरून? आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचते काय? औषधांचा सारा आधुनिक इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्याची खटपट होय.

१. मुळीपासून मात्रेपर्यंत

औषधे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या परंपरेने शेकडो वनस्पती व खनिजे यांचे गुणधर्म नोंदून ठेवले. युनानी हकिमांनी आपली भर घातली. आणि डोंगरातल्या माणसाला कोणत्या पाल्याने जखम भरते हे पोथीवाचून माहीत होते. हे ज्ञान तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण त्याला एक अडचण होती. एकाच जातीची मुळी, पण एका डोंगरावरची कडक आणि दुसऱ्यावरची पुळचट. पावसाळ्याआधी काढलेली निराळी, नंतर काढलेली निराळी. तेव्हा किती दिली म्हणजे गुण येईल आणि किती दिली म्हणजे अपाय होईल, हे वैद्याच्या हातगुणावर आणि रोग्याच्या नशिबावर अवलंबून राही.

ही अडचण दूर करणारे पाऊल युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडले. १८०५ च्या सुमारास सर्टर्नर नावाच्या जर्मन औषध-विक्रेत्याने अफूतून तिचे गुंगी आणणारे सत्त्व वेगळे काढले, तेच मॉर्फिन. १८२० मध्ये पेलेतिये आणि कावाँतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढले. सत्त्व हाती आल्यावर ते तराजूत तोलता येऊ लागले, आणि मात्रा ठरवता येऊ लागली. १८४७ मध्ये बुखहाइम याने दोर्पात येथे केवळ औषधांच्या परिणामांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. औषध शरीरात गेल्यावर नेमके कोठे व काय करते, हा प्रश्न तेथे स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला. या शतकाच्या उत्तरार्धात कापड रंगवण्याच्या कृत्रिम रंगांचे कारखाने जर्मनीत वाढले. काही रंग ठराविक जंतूंनाच चिकटतात असे पाउल एर्लिख याच्या ध्यानात आले. मग जंतूला मारील पण माणसाला मारणार नाही असा पदार्थ का सापडू नये, या विचाराने त्याने शेकडो संयुगे तपासली आणि १९१० मध्ये उपदंशावरचे साल्वर्सन बाजारात आले. म्हणजे आजचा औषधाचा कारखाना हा वैद्याच्या खलबत्त्याचा जेवढा वारस आहे, तेवढाच रंगाच्या कारखान्याचाही आहे.

२. प्लेग आणि हाफकिन

आपल्याकडे हे नवे शास्त्र आले ते मात्र सुखासमाधानाने आले नाही. ते प्लेगाच्या पाठीवर बसून आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगाचे रोगी ओळखले. पाहता पाहता गिरण्या ओस पडल्या आणि कामगार गावाकडची वाट धरू लागले. त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेच्या वाटेने दख्खनभर पसरला. पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. आपल्या नाशिकजवळच्या भगूरला १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगानेच वारले. घरांची झडती, माणसांची जबरीने रवानगी आणि सामानाची होळी हाच सरकारचा मुख्य उपाय होता. पुण्यात त्याचा कसा अतिरेक झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याची परिणती कशात झाली, हे मराठी वाचकास सांगायला नको.

याच काळात मुंबईत एक मनुष्य निराळ्या वाटेने जात होता. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, आणि पटकीची लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आलेला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांनिशी त्याने काम सुरू केले. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे प्लेगाचे जंतू त्या थेंबांना लोंबत झुंबरासारखे वाढतात, अशी त्याने युक्ती काढली. असे वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला प्रयोग त्याने स्वतःवर केला.

परंतु एकट्याने टोचून घेतले व तो जगला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो न टोचताही जगला असता! येथेच आमच्या पहिल्या प्रश्नाचे मर्म आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे कैद्यांची राहणी, अन्न आणि जागा सारखीच. पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांत किती जणांना लागण झाली व किती दगावले याची मोजदाद ठेवली. टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी भरले. सारख्या स्थितीतल्या दोन गटांची तुलना हाच औषधाच्या परीक्षेचा पाया होय. आज हजारो माणसांवर ज्या चाचण्या होतात, त्यांत नावे चिठ्ठी टाकून गटांत वाटतात आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरपासूनही लपवतात, तेही या तुलनेत लबाडी शिरू नये म्हणूनच.

पण येथे आमच्यासारख्या माणसाला एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नोंदले आहे. दारापाशी पहारेकरी उभा असताना दिलेली संमती ही कितपत संमती म्हणावी? गरज असलेल्या माणसाची संमती स्वस्तात मिळते, हे कामगार चळवळीतल्या कोणालाही ठाऊक आहे. आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याने नीट हात घालायला फार काळ गेला. २०१९ च्या नियमांनी चाचणीत भाग घेणाऱ्यास पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घेणे आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई देणे बंधनकारक केले आहे. शास्त्र आधी येते आणि न्याय मागाहून रखडत येतो. त्याला ओढून आणावे लागते.

१८९९ च्या ऑगस्टात हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १९२५ पासून ती संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट याच नावाने ओळखली जाते. गिरणगावाच्या ऐन मध्यात उभी असलेली ही इमारत कित्येक कामगारांनी रोज पाहिली असेल. तेथे काय घडले हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखे हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. लस रोग होऊ नये म्हणून. झालेल्या रोगावर काय? १९४१ मध्ये सोखे, वागळे, दीक्षित आणि गणपती यांनी सल्फा जातीची औषधे प्लेगावर कशी चालतात याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या रोगापुढे मागच्या पिढीने हात टेकले होते, त्यातून निम्म्याहून अधिक रोगी वाचवण्याची आशा या औषधांनी दिसू लागली. यांतील डॉ. बी. बी. दीक्षित हे औषधविज्ञानाचे जाणकार; ते पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

३. सर्पगंधेची परीक्षा

जुने ज्ञान आणि नवी परीक्षा यांची गाठ कशी पडते, याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. सर्पदंशावर तिचा वापर सांगितला जाई, आणि बिहारकडे तर वेड्यावरचे औषध म्हणूनच ती विकली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि चित्त शांत होते असे लिहिले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातील काही सत्त्वे वेगळी केली. रामनाथ चोप्रा यांनीही तिचा अभ्यास केला. तरीही जगाने तिकडे ढुंकून पाहिले नाही.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी मात्र वर्षानुवर्षे आपल्या रोग्यांना हे औषध देऊन त्यांचा रक्तदाब मोजून लिहून ठेवला. १९४९ मध्ये त्यांनी ५० रोग्यांचा वृत्तांत 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. औषधापूर्वी दाब किती, औषधानंतर किती, औषध थांबवल्यावर किती, आणि त्रास कोणता झाला, असा तो सगळा आकड्यांचा हिशेब. तो वाचून बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले, आणि ते जगभर विकले जाऊ लागले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

या कथेतून दोन बोध निघतात. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणणाऱ्यास ती सांगते की ठाऊक होते खरे, पण मोजल्यावाचून ते जगाच्या उपयोगी पडले नाही. आणि 'जुने ते सारे थोतांड' म्हणणाऱ्यास ती सांगते की रक्तदाबावरच्या पहिल्या गुणकारी औषधांपैकी एक याच थोतांडातून निघाले. पुढे रेसर्पिनने काही रोग्यांना खिन्नता येते असे आढळले, अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. औषधाची परीक्षा एकदा होऊन संपत नाही, ती चालूच राहते.

४. बाटलीत काय आहे?

आता दुसरा प्रश्न. औषध गुणकारी आहे हे सिद्ध झाले, पण बाटलीत तेच आहे का? पुन्हा हाफकिनच्याच कथेकडे जावे लागते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी प्लेगाची लस १०७ जणांना टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर केले गेले. पुढे गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले, ही हकीकत पुढे आली. सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिनची निर्दोष म्हणून सुटका झाली. पण तोवर पाच वर्षे गेली होती. एक पडलेला चिमटा आणि १९ माणसे! औषधाच्या कामात हातसफाईची चूक आणि जिवाची किंमत यांत किती थोडे अंतर असते, हे यावरून दिसते.

दुसरी हकीकत अमेरिकेची. १९३७ मध्ये तेथील एका कंपनीने सल्फा औषध गोड पेयाच्या रूपात काढले आणि ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. हा पदार्थ चवीला गोडसर, पण मूत्रपिंड निकामी करणारा. शंभरावर माणसे मेली; त्यांत मुले पुष्कळ. विकण्यापूर्वी औषध निर्धोक आहे हे सिद्ध करा, असा कायदा तेथे १९३८ मध्ये झाला. आपल्याकडे चोप्रा समितीने १९३१ मध्येच भेसळयुक्त औषधांच्या सुळसुळाटाविषयी सरकारला बजावले होते. औषधांचा कायदा झाला तो १९४० मध्ये.

कायदा झाला म्हणून काम भागले नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. डोळ्यातील किंवा मेंदूतील दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजले होते, आणि त्या ग्लिसरिनात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८८ च्या अहवालात रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्रालयापर्यंत साऱ्या साखळीवर बोट ठेवले. इतके होऊनही २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात लहान मुलांच्या मृत्यूंनंतर भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांत तेच विष सापडले; आणि २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने लहान लहान मुले गेली. त्यांतली काही तर उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलेली होती.

पाऊणशेहून अधिक वर्षे एकच विष पुन्हा पुन्हा बाटलीत कसे शिरते? कारण साधे आहे. औषधी प्रतीचे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग, कारखानी प्रतीचे स्वस्त. आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो फक्त चाचणीने. चाचणीला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि निकाल वाईट आला तर सारा माल फेकावा लागतो. तेव्हा मोह होतो तो चाचणी टाळण्याचा.

याविषयी आमच्या अनुभवातील एक गोष्ट नाव न घेता सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील प्रयोगशाळेच्या मदतनिसाला, निकाल हाती येण्याच्या आतच चाचणी झाल्याच्या कागदावर सही करायला सांगण्यात आले. माल गाडीत चढायचा होता. त्याने सही नाकारली. त्याला आज्ञाभंगाची नोटीस मिळाली. ते प्रकरण आम्ही लढवले आणि नोटीस मागे घेतली गेली. त्या सभेत आम्ही कामगारांना एवढेच म्हणालो होतो की, या माणसाने स्वतःची नोकरी पणाला लावून ज्याला वाचवले तो कोण हे त्याला कधीच कळणार नाही. औषधाच्या कारखान्यात कायम नोकरी, संघटना आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क या गोष्टी केवळ कामगाराच्या हिताच्या नाहीत. रोग्याच्या जिवाशीही त्यांचा संबंध आहे. ज्याला उद्या कामावर घेतील की नाही याची शाश्वती नाही, तो सही नाकारील कशाच्या बळावर?

५. पिंपरीचे पेनिसिलिन

तिसरा प्रश्न पोहोचण्याचा, म्हणजेच मुख्यतः किमतीचा. १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले दिसले, ही गोष्ट शाळेतली मुलेही सांगतात. पण त्या बुरशीतून औषध काढले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या मंडळीने, १९४० च्या सुमारास. पहिल्या रोग्याला देण्यापुरतेही ते पुरेना. त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढीत. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांत, निर्जंतुक हवा सोडून बुरशी वाढवण्याची रीत बसवली, तेव्हा कोठे ते मुबलक झाले.

स्वतंत्र भारताला हे औषध बाहेरून आणावे लागे. ते येथेच करावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागले. कोणा कंपनीच्या अटी न पत्करता, जगाच्या संस्थेकडून विद्या घेऊन, सरकारी मालकीत औषध करायचे, असा तो बेत होता. पिंपरी-चिंचवडची आजची उद्योगनगरी उभी राहण्याआधी तेथे पेनिसिलिनचा कारखाना होता, हे नव्या पिढीने विसरू नये. केवळ परक्याची कृती गिरवून तेथील लोक थांबले नाहीत. १९६१ च्या सुमारास थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरचे नवे औषध शोधले आणि कारखान्याच्याच आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन नाव दिले.

पुढे या कारखान्याला वाईट दिवस आले. १९९० नंतर चीनमधून स्वस्त कच्चा माल येऊ लागला, आणि पेनिसिलिनचे देशी उत्पादन बंद पडत गेले. आपल्याच देशात तयार होणारा माल आपण बाहेरून आणू लागलो. २०२० मध्ये केंद्र सरकारला औषधांचा मूळ माल देशात व्हावा म्हणून पुन्हा अनुदानाची योजना काढावी लागली. जे आधी हातात होते ते सोडून देऊन मग पैसे मोजून परत मिळवण्याचा हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो, हे जाणकारांनी सांगावे.

६. पेटंट म्हणजे काय?

कारखाना असला तरी औषध करण्याची मोकळीक हवी. येथे पेटंटचा प्रश्न येतो. तो अवघड वाटतो, पण आपल्या नाशिकच्या चिवड्यावरून सहज समजेल. समजा कायद्याने एकाला चिवड्याचेच पेटंट दिले, तर दुसऱ्या कोणी, कोणत्याही रीतीने, चिवडा करायचा नाही. हे वस्तूचे पेटंट. उलट, फक्त त्याच्या कृतीचे पेटंट दिले, तर दुसऱ्याला निराळ्या कृतीने चिवडा करण्याची मोकळीक राहते. हे कृतीचे पेटंट. पहिल्यात किंमत एकाच्या हाती राहते. दुसऱ्यात चढाओढीने उतरते.

इंग्रजांच्या वेळचा १९११ चा कायदा वस्तूच्या पेटंटला वाव देणारा होता. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीपुढे असे निघाले की, काही प्रतिजैविकांच्या किमती भारतासारख्या गरीब देशात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात अन्न व औषधे यांना फक्त कृतीचे पेटंट द्यावे, अशी शिफारस केली. १९७० मध्ये तसा कायदा झाला आणि १९७२ पासून तो अंमलात आला. त्याच १९७० साली औषधांच्या किमतींवर नियंत्रण घालणारा पहिला व्यापक हुकूमही निघाला. नंतरच्या तीस वर्षांत भारतीय रसायनज्ञांनी निराळ्या कृती शोधून काढल्या आणि भारत गरीब जगाचा औषधकार झाला.

याचा कळस २००१ मध्ये दिसला. एड्सवरची तीन औषधे एकत्र घ्यायची तर वर्षाला एका रोग्यामागे दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने, त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. औषध तेच, रेणू तोच. बदलली ती फक्त किंमत. आफ्रिकेतील लाखो माणसांच्या जगण्यामरण्याचा फरक त्या बदलाने पडला. सिप्ला ही खाजगी कंपनी, आणि नफ्यासाठीच चालणारी. तेव्हा येथे चांगुलपणाची कथा शोधू नये. कायदा नीट असेल तर व्यापारालाही लोकहिताच्या वाटेने चालावे लागते, एवढे त्यातून घ्यावे.

जागतिक व्यापाराच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूचे पेटंट भारतात परत आले. पण संसदेने त्यात काही कुंपणे घातली. कलम ३(ड) सांगते की, जुन्या औषधाला नवे रूप देऊन, त्याची गुणकारिता न वाढवता, नवे पेटंट मागता येणार नाही. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाच्या बाबतीत १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम उचलून धरले. दुसरे कुंपण सक्तीच्या परवान्याचे. मार्च २०१२ मध्ये यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे, महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये पडणारे औषध दुसऱ्या कंपनीला ८,८८० रुपयांत विकण्याची परवानगी मिळाली. दोन्ही आकडे महिन्याचे आहेत. वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत.

तिसरे कुंपण असे की, पेटंटच्या अर्जावर सामान्य माणसालाही हरकत घेता येते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना क्षयरोग झाला आणि त्यावरच्या जुन्या इंजेक्शनांनी त्यांची श्रवणशक्ती गेली. बेडॅक्विलिन या नव्या गोळीने अशा घातक इंजेक्शनांची गरज कमी होते. तिच्या पेटंटची मुदत लांबवण्याच्या कंपनीच्या अर्जाला दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह त्यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. औषधांनी बहिऱ्या झालेल्या दोन तरुणींनी बलाढ्य कंपनीला कायद्याच्या चौकटीत हरवले, ही गोष्ट कोणत्याही संपाच्या विजयाइतकीच कामगारांनी आठवणीत ठेवावी. विडी, पत्रा, दगड, धूळ यांत काम करणाऱ्यांच्या वस्त्यांत क्षय कसा घर करतो, हे आपण सगळेच पाहतो.

७. आपण काय करावे?

कायदा दिल्लीला होतो आणि शोध प्रयोगशाळेत लागतात. मग आपल्या हाती काय उरते, असे कोणी म्हणेल. पुष्कळ उरते. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचे मूळ नाव कोणते हे विचारावे. एकाच मूळ औषधाच्या निरनिराळ्या छापांच्या किमतींत मोठी तफावत असते, आणि जनऔषधी केंद्रात तेच पुष्कळ स्वस्त मिळते. रक्तदाबाची गोळी पुरवून पुरवून एक दिवसाआड घेणारे कामगार आम्हाला माहीत आहेत. त्यांना वाटते पैसे वाचले, प्रत्यक्षात वाचत काहीच नाही, आणि एखादे दिवशी अर्धांगाचा झटका सारी बचत घेऊन जातो. उलट, साध्या सर्दीला जंतुनाशक गोळ्यांचा हट्ट धरू नये, आणि क्षयाचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. अर्धवट मारलेले जंतू औषधाला सरावतात, आणि मग पिंपरीच्या टाकीतून निघालेली सारी विद्या फुकट जाते.

आणि संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत पगार व बोनस यांच्या शेजारी औषधालाही जागा द्यावी. कामगार विम्याच्या दवाखान्यात आवश्यक औषधे शिलकीत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी प्रत्येक कारखान्यातून दोन माणसे नेमावीत. औषधाच्या कारखान्यातील चाचणी विभागात कंत्राटी माणसे नसावीत, असा आग्रह धरावा. औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. ही कामे भाषणांत शोभून दिसणारी नाहीत, पण मलकोवालपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसे मेली ती अशीच न शोभणारी कामे कोणी न केल्यामुळे मेली.

हाफकिनने लस स्वतःला टोचून घेतली, वकिलांनी पन्नास रोग्यांचा हिशेब ठेवला, एका मदतनिसाने खोट्या कागदावर सही केली नाही आणि एका रोगमुक्त मुलीने अर्जावर हरकत घेतली. ही सारी माणसे वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या पायरीवरची. पण आज आपल्या हातात जी गोळी पडते ती या सर्वांच्या मेहनतीने पडते. ती खरी असावी, शुद्ध असावी आणि परवडावी, हे पाहण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.